तारण झालं, माफी राहिली

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला मराठी शिकवायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत दोन दिवस उन्हात हिंडले. तिसऱ्या दिवशी एका ऑटोवाल्याला माझी दया आली. त्याने मला थेट सिस्टरांच्या फाटकापाशी नेऊन सोडलं. "एकट्याच राहत्यात. खोली देत्यात. फक्त बोलणं जरा कडक हाय," एवढं त्याने वाटेत सांगून ठेवलं होतं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा वारलेला, मुलगा-सून पुण्याला. गल्लीतली लहानथोर सगळी माणसं त्यांना सिस्टरच म्हणायची, त्यामुळे मीही म्हणू लागले. दाराच्या वर येशूची तसबीर आणि दारातच डब्यात लावलेली तुळस. मी एकदा तसबिरीकडे, एकदा तुळशीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खोकल्याला लागते."

मग त्यांनी माझी मुलाखत घेतली. पाणी किती लागतं, मटण चालतं का, रात्री फोनवर मोठ्याने बोलायची सवय आहे का. सगळी उत्तरं पसंत पडली असावीत, कारण चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन का?"

"हाव. तारण झालंय माझं," त्या म्हणाल्या.

जेवण झालंय माझं, असं आपण ज्या सुरात सांगतो त्याच सुरात. मी अहमदपूर तालुक्यातल्या शेतकरी घरातली. तारण हा शब्द मी आयुष्यात एकाच ठिकाणी वाचला होता, गावातल्या पतसंस्थेच्या पाटीवर, 'सोने तारण' असा. मी जरा घाबरतच विचारलं, "म्हणजे हे घर का?"

सिस्टर इतक्या हसल्या की कपबशी खाली ठेवून पायरीवर बसल्या. "घर नाही गं बाई. मी. मी तारले गेले." डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सामान कधी आणतेस?"

आमच्या घरात मोक्षाचा विषय आजोबांच्या वाट्याला होता. तो मेल्यानंतर मिळतो, त्यासाठी बरंच काही करावं लागतं आणि ज्याअर्थी कोणालाच मरायचं नव्हतं त्याअर्थी घाईही नव्हती. इथे ही बाई जिवंतपणी, चहा पिता पिता, झालंय म्हणून सांगत होती. मला त्याची मोठी गंमत वाटली. आधी गंमतच वाटली, हे खरं सांगते.

सिस्टरांच्या घरी राहणं सोपं होतं आणि अवघडही. रविवारी सकाळी त्या पांढरी साडी नेसून उपासनेला जायच्या. चर्च घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथली गाणी पेटी-तबल्यावर, आपल्या भजनाच्या चालीत. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकलं तर शब्द कळेपर्यंत देऊळच वाटावं. नाताळात घरी करंज्या, शंकरपाळी आणि चिवडा व्हायचा आणि गल्लीतल्या तेवीस घरी ताटं जायची. ही झाली सोपी बाजू.

अवघड बाजू म्हणजे त्यांचा राग. तो फटाक्यासारखा यायचा. एकदा दूधवाल्याला त्यांनी दारात उभं करून असं झापलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. तो बिचारा सायकल घेऊन निघून गेला. सिस्टर आत आल्या, खुर्चीत बसल्या, पाचेक मिनिटं भिंतीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, चपला घातल्या आणि त्याला शोधत निघाल्या. मी मागोमाग. दोन गल्ल्या सोडून तो सापडला. सिस्टर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बोलायला नको होतं ते बोलले. चुकलं माझं. दूध मात्र पातळच आहे."

परत येताना मी विचारलं, "सिस्टर, तारण झालेल्या माणसाला एवढा राग कसा येतो?"

मला वाटलं आता माझा नंबर. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "तारण झालंय. स्वभावाचं चालू आहे अजून."

त्या दिवशी भाजी निवडताना त्यांनी मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं, आणि तेही नर्सच्या भाषेत. "गोदावरीत बुडणाऱ्याला कुणी ओढून काठावर आणलं, तर तो वाचला की नाही? वाचला. पण लगेच उठून जेवायला बसतो का? पोटातलं पाणी काढावं लागतं. ताप येतो. आठ दिवस अशक्तपणा. वाचलाय हे खरं आणि अजून बरा होतोय हेही खरं. मी तशी आहे."

"आणि ओढून काढायला तुम्ही काय केलं? उपास, प्रार्थना?"

"काही नाही केलं. तिथंच तर माझं घोडं अडलं होतं कितीक वर्षं." त्यांनी मेथीची काडी टाकून दिली. "नर्सला वाटतं सगळं आपल्या हातानं होतं. सलाईन मी लावलं, टाके मी घातले. आणि इथं सांगतात की तुझ्या हातानं काही झालेलं नाही, दुसऱ्यानं केलं, तू फक्त हात दे. लई राग आला होता मला. फुकटचं घ्यायची सवय नव्हती."

मी ऐकून घेतलं. पटलं असं नाही, पण त्यानंतर त्यांच्या चपला घालून बाहेर पडण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. महिन्यातून दोनतीनदा त्या कुणाकडे तरी 'चुकलं माझं' म्हणायला जात. माणूसही ठरलेला नसायचा. ऑटोवाले, गॅसवाला, शेजारीण, एकदा मीसुद्धा.

लातूरजवळच्या मुरुडचं जे झालं ते मी सिस्टरांकडे राहायला आल्यानंतर सहा वर्षांनी. नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. सिस्टरांना दर नाताळात एक फोन यायचा. पूर्वी एका तालुक्याच्या गावी त्या नोकरीला होत्या, तिथल्या वॉर्डात काम करणाऱ्या आयाबाईचा. ती आता लेकाकडे लातूरला असायची. या दोघी फोनवर मोठमोठ्याने बोलत, कारण दोघींना कमी ऐकू यायचं. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मला खोलीत बसून ऐकू यायचं.

"सिस्टर, ती तिसरीवाली बाई भेटली होती मला. मुरुडला असती लेकीकडं. बाजारात भेटली. तुमची याद काढली तिनं."

सिस्टरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"ते फोनवर सांगण्यासारखं न्हाई."

फोन ठेवून त्या आत गेल्या. संध्याकाळी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा न घेणाऱ्या सिस्टर मी कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून तिसऱ्या दिवशी मीच विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं.

त्या तिशीच्या आत होत्या तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव मला सांगितलं होतं, इथे लिहीत नाही. वॉर्डात एक बाई बाळंतपणाला आली. आधीच्या दोन मुली. दुपारची वेळ, उकाडा, सकाळपासून सिस्टरांची चौथी बाळंतीण. बाई ओरडत होती. सिस्टरांनी तिला थापड मारली. मुलगी झाली. सिस्टरांनी बाळ उचललं, आयाबाईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या, तिसरी." आणि दोघी हसल्या. बाहेर सासू बसली होती तिनेही ते ऐकलं. बाईने भिंतीकडे तोंड केलं.

"बास, एवढंच," सिस्टर म्हणाल्या. "कुणी मेलं नाही. तक्रार झाली नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, आले तोवर ती घरी गेली होती. पण पुढं माझं तारण झालं ना, तेव्हा पास्टर म्हणाले, सगळी पापं आठव आणि त्याच्या पायाशी ठेव. मला मोठमोठी आठवायला पाहिजे होती. पहिली आठवली ती ही."

"मग ठेवली ना पायाशी? देवानं माफ केलं ना?"

"देवानं केलं. पण देवाला थोडीच मारली होती मी थापड. जिला मारली तिला कुठं विचारलं?"

मला तर्क बिनतोड वाटला. पण चर्चमधल्या आताच्या तरुण पाळकसाहेबांना, म्हणजे पास्टरांना, तो तसा वाटला नाही. रविवारी सिस्टरांनी त्यांना बाहेर गाठलं, मी बरोबर होते. ते फार चांगले गृहस्थ, मऊ बोलणारे. म्हणाले, "सिस्टर, ते पाप धुतलं गेलंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कशाला उकरायचं? त्या बाईलाही त्रास. आणि माफी मागून तारण मिळत नसतं, हे तर तुम्हीच रविवारच्या वर्गात पोरांना शिकवता."

"मिळवायला नाही जात, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "मिळालंय म्हणून जाते. नसतं मिळालं तर माझी हिंमतच झाली नसती. तोंड लपवून बसले असते घरात."

पाळकसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "प्रार्थना करतो मी."

"करा. एसटी वेळेवर मिळू दे म्हणून पण करा."

एकटीला पाठवणं बरं नव्हतं म्हणून मी कॉलेजातून रजा काढली. मला वाटतं सिस्टरांनी प्रवासाच्या आधीचे दोन दिवस फक्त भाषण तयार केलं. पाठ करताना मी ऐकलं. सुरुवात अशी, "बाई, तुम्ही मला ओळखणार नाही." साडी न्यायची का यावर आमचा वाद झाला. मी म्हटलं, साडी दिली तर लाच दिल्यासारखं दिसेल. त्या म्हणाल्या, काहीच नाही नेलं तर कोरडं दिसेल. शेवटी नाताळच्या उरलेल्या करंज्यांचा डबा घेतला.

नांदेडहून लातूरची गाडी. कंडक्टर भला माणूस होता. सिस्टरांच्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्हाला तिकीट न्हाई. पंच्याहत्तरच्या वर फुकट."

"चौऱ्याहत्तर. चार महिने बाकी आहेत. महिलांचं अर्धं दे."

"कोण बघतंय आजी चार महिने?"

सिस्टरांनी बोट वर केलं. कंडक्टरने टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अर्धं तिकीट फाडलं.

अहमदपूरच्या स्टँडवर माझी आई भेटायला आली होती. आदल्या दिवशी येळवस झाली होती. म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या, सगळं गाव शेतात जाऊन जेवतं तो दिवस. त्यातली भाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे आईने डब्यात भरून आणले होते. गाडी दहा मिनिटं थांबणार होती. आईने खिडकीतून डबा दिला आणि विचारलं, "एवढ्या लांब कशाला निघालाव?"

"माफी मागायला," सिस्टरांनीच सांगितलं.

"कुणाची?"

"एका बाईची. मी वाईट बोलले होते तिला. लई वर्षं झाली."

आईने खिडकीची दांडी धरली. मग म्हणाली, "सिस्टरबाई, तुमच्या चर्चात माझ्या दोन्ही जावांना घेतील का?"

गाडी हलली तरी सिस्टर हसत होत्या. लातूर येईपर्यंत मात्र हसणं संपलं. लातूरला गाडी बदलून मुरुडच्या एसटीत बसलो तेव्हा त्या दस्तीने सारखा घाम पुसत होत्या, आणि जानेवारीचा महिना होता.

मुरुड मोठं गाव, बाजारपेठेचं. आयाबाईने सांगितलेल्या खुणेवरून घर सापडलं. पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान, मागे घर. दुकानात चाळिशी ओलांडलेली एक बाई मशिनवर बसली होती, गळ्यात टेप. एका कोपऱ्यात खुर्चीवर तिची म्हातारी आई सुपात तूर घेऊन निवडत होती. तिच्या चष्म्याची काच एवढी जाड की डोळे दिसत नव्हते.

सिस्टर उंबरठ्यावर थांबल्या. मी पाठीमागून हलकेच ढकललं.

मशिनवरची बाई उठली. "या मावशी. ब्लाऊज का? कापड आणलंय की आमच्याकडचं दाखवू?"

सिस्टरांनी तोंड उघडलं. दोन दिवस पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचं दाखवा."

मी पाहतच राहिले. कापडं निघाली. सिस्टरांनी पांढरं निवडलं. "हात वर करा," ती बाई म्हणाली, आणि सिस्टरांनी दोन्ही हात वर केले. ती टेप लावून माप घेऊ लागली. छाती, कंबर, बाहीची लांबी. आकडे वहीत लिहीत होती. सिस्टर हात वर करून उभ्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात वर असल्यामुळे पुसताही येईना.

"मावशी, टाचणी टोचली का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "बाई, तू तिसरी का गं?"

कोपऱ्यातलं सूप थांबलं.

"सिस्टर हायत ह्या," म्हातारी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "आवाज वळखला मी. त्यो आवाज इसरंल व्हय मी?"

लेक टेप हातात धरून आईकडे बघत होती. तिला गोष्ट माहीत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सिस्टर म्हातारीसमोर गेल्या आणि गुडघे दुखत असताना खाली फरशीवर बसल्या.

"बाई, मी तुम्हाला थापड मारली होती. त्याची माफी मागायला आले."

"थापड?" म्हातारीला खरंच आश्चर्य वाटलं. "थापड कव्हा मारली? मला न्हाई याद. त्या वक्ताला समदंच अंग दुखत हुतं, त्यात तुमची थापड कुठली कळायची."

सिस्टर गोंधळल्या. पंचेचाळीस वर्षं त्या थापडीचं ओझं वाहत होत्या.

"थापडीचं न्हाई," म्हातारी म्हणाली. "'घ्या, तिसरी' म्हनलाव तुम्ही. आन् हसलाव. ते याद हाय. बाहीर सासूनं ऐकलं. घरी गेल्यावर धा वरीस तेच ऐकलं मी. घ्या तिसरी, घ्या तिसरी."

"हाव," सिस्टर म्हणाल्या. "ते मीच बोलले. हसले पण मीच. लई वाईट केलं मी. तुम्ही माफ करा असं म्हणायला पण मला तोंड नाही. पण चुकलं माझं, हे तुमच्यासमोर सांगायचं होतं."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग ती सिस्टरांशी न बोलता लेकीशी बोलू लागली.

"तुला एक गोष्ट सांगितली न्हाई मी. तुला जलमल्यावर दुपारभर जवळ घेतलं न्हवतं. दूध पाजलं न्हवतं. भिताडाकडं त्वांड करून पडले हुते. आयाबाई आली संध्याकाळी, तिनं दांडगाईनं छातीला लावलं तुला. मी न्हाई म्हनत हुते तरी लावलं." तिचा आवाज सपाट होता. "गावभर सांगत आले मी, त्या नर्सनं आसं केलं, तसं केलं. पर पोरीला जवळ न घेनारी नर्स न्हवती. मी हुते."

मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटत होतं. ही मायलेकींची गोष्ट होती आणि मी कोण. पण दरवाजा लेकीच्या पलीकडे होता.

लेक हातातला टेप गुंडाळत होती. पूर्ण गुंडाळून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मला काय ते याद हाय का? माझ्या लेखी तू मला रोजच जवळ घेतलंस." मग ती सिस्टरांकडे वळली. "मावशी, उठा खालून. गार लागंल. ब्लाऊजला अस्तर लावायचं का?"

"लाव," सिस्टर म्हणाल्या.

त्यांना उठवायला आम्हा दोघींना हात द्यावा लागला.

मग आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा. आमची भज्जी आणि करंज्याही ताटात आल्या. म्हातारीने करंजी खाऊन, "सारन जरा कोरडं झालंय," असं सांगितलं. सिस्टरांनी एरवी एवढ्यावरून अर्धा तास भांडण केलं असतं, पण त्या दिवशी "हाव, झालंय खरं," म्हणाल्या. जेवताना दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग साखरेची, मग मोतीबिंदूची. निघताना सिस्टर दारात थांबल्या. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं हे मला दिसत होतं, आणि म्हातारीलाही.

"सिस्टर, खोटं न्हाई बोलनार," ती म्हणाली. "माफ केलं आसं म्हनायला माझी जीभ वळंना आज. लई दिस झाले हायत त्या रागाला. पर तुम्ही आलाव. ते मी धरलं."

"बास आहे मला तेवढं," सिस्टर म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मला वाटलं त्या खट्टू असतील. त्या खिडकीला डोकं टेकवून दहा मिनिटांत झोपल्या, आणि अहमदपूर येईपर्यंत उठल्या नाहीत. मला मात्र झोप आली नाही. मी खिडकीतून ज्वारीची रानं बघत बसले. सिस्टर तारण तारण म्हणत होत्या ते मला तोवर एक सर्टिफिकेट वाटत होतं, भिंतीवर लावायचं. झालं, संपलं. पण हातात ते असलेली बाई कुठल्याशा गावात जाऊन फरशीवर बसते, तिला तिथे हवं ते उत्तर मिळत नाही, आणि तरी ती झोपू शकते. काठावर ओढून घेतलेल्या माणसाला परत बुडायची भीती नसावी, म्हणून तो पाण्यात दुसऱ्यासाठी हात घालू शकत असावा. मला धर्मातलं फार कळत नाही. मी आजही आमच्या घरच्याच देवाची. पण नांदेडला पोचल्यावर मी माझ्या वहिनीला फोन केला आणि दोन वर्षांपूर्वीच्या एका बोलण्याबद्दल चुकलं म्हणाले. ती म्हणाली, "ताई, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

ब्लाऊज न्यायला आम्ही पंधरा दिवसांनी परत गेलो. बाही घट्ट झाली होती. माप घेताना हात वर होते आणि मावशी रडत होत्या, त्यामुळे आकडा चुकला असं लेक म्हणाली. ती उसवून परत शिवेपर्यंत दोघी म्हाताऱ्या खुर्च्या लावून बाहेर उन्हात बसल्या. पुढे फोन सुरू झाले. त्यांचंही बोलणं मला खोलीत ऐकू येऊ लागलं, आणि त्यात निम्मं भांडण असायचं. आयाबाईचं नाव निघालं की दोघी मिळून तिला नावं ठेवायच्या.

पावसाळ्यानंतर म्हातारीचा मोतीबिंदू पिकला. मुरुडहून लातूर जवळ, पण लेकीला दुकान सोडता येईना, आणि सिस्टरांनी फोनवर हुकूम सोडला की नांदेडला घेऊन या, ऑपरेशन झाल्यावर डोळ्यात थेंब घालायला घरात नर्स आहे. म्हातारी आली. माझ्या खोलीसमोरच्या खाटेवर तिचा मुक्काम पडला. पहिल्याच दिवशी दोघींचं आमटीच्या तिखटावरून वाजलं. सिस्टर आपल्या चपला घालून बाहेर गेल्या, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या असतील, आणि परत येऊन म्हणाल्या, "चुकलं माझं. तिखट टाका अजून."

म्हातारी मला म्हणाली, "ह्यांचं आसं रोजचं हाय का?"

"हाव," मी म्हटलं.

ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी सिस्टर उपासनेला निघाल्या तर म्हातारी पण साडी बदलून तयार. "घरी बसून काय करू," म्हणाली. आम्ही तिघी मागच्या बाकावर बसलो. गाण्यांत तारण हा शब्द तीन-चारदा आला. तिच्या गुडघ्यांसाठी परतताना ऑटो केली, त्यात तिने विचारलं, "सिस्टर, ते तारन तारन काय म्हनून राहिले तुमचे लोक?"

मला वाटलं आता गोदावरी, बुडणारा माणूस, सगळं येणार. पण सिस्टर म्हणाल्या, "आपण भिंतीकडं तोंड करून पडलेलो असतो. कुणीतरी दांडगाईनं वळवतं. आपण नाही म्हणत असतो तरी."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा म्हातारी म्हणाली, "आसं हाय व्हय." मग म्हणाली, "तसं आसंल तर बरं हाय." सिस्टरांनीही पुढे काही विचारलं नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं, कारण चर्चमधली दुसरी कुणी असती तर तिने तिथेच ऑटो थांबवून प्रार्थना सुरू केली असती.

सोमवारी सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही लवकर पोचलो. खिडकीतल्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय झालं. मग तिने विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"ह्या," म्हातारीने सिस्टरांकडे बोट केलं.

"नातं काय?"

म्हातारीने विचार केला. सिस्टर काही बोलणार होत्या, तिने हाताने थांबवलं. "लिव्हा," ती म्हणाली, "माझ्या धाकट्या लेकीचं बाळंतपन केलेली बाई."

मुलीने पेन थांबवून आम्हा तिघींकडे पाहिलं. त्या रकान्यात एवढं मावणार नव्हतं. तिने 'ओळखीच्या' असं लिहिलं आणि नंबराचा कागद दिला. आमचा नंबर अकरावा होता. आम्ही बाकावर जाऊन बसलो, आणि सिस्टरांनी पिशवीतून थर्मास काढून तिघींसाठी चहा ओतला.